बंडीच्या खिशात मावणारा फोन

आमच्या घरी कापूस दोघांच्या अंगावरून यायचा. माय दुसऱ्यांच्या वावरात वेचायला जायची, तिच्या लुगड्याला चिकटून यायचा. आणि बाबाच्या भुवयांत बसून यायचा. बाबा राळेगावकडच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, होता. दिवाळीनंतर मशिनी सुरू झाल्या की उन्हाळा लागेपर्यंत तो तिथंच. घरी आला की भुवया, मिशा, कानावरचे केस, सगळं पांढरं. स्वतःचं वावर आम्हाला नव्हतं, कापूस मात्र ताटात, अंथरुणात, खोकल्यात सगळीकडे होता.

त्या मशिनींनी बाबाचे कान खाल्ले. एका दिवसात गेले असते तर कोणी निदान विचारलं तरी असतं. ते हळूहळू गेले. आधी पाखरं गेली, मग मायची हाक गेली, मग एसटीचा हॉर्न. एक दिवस मुकादम पट्टा बंद कर म्हणून ओरडत राहिला आणि बाबा आपला काम करत राहिला. सोबतच्या माणसाचा दुपट्टा पट्ट्यात गेला. माणूस वाचला, पण बाबाला दुसऱ्या दिवशी घरी पाठवलं. बहिरा माणूस मशिनीजवळ नको, असं मुकादम म्हणाला. तेही बाबाला खुणेनंच सांगावं लागलं.

जिनिंगमध्ये तसंही तोंडानं कोणी बोलत नाही. बोललं तरी ऐकू जात नाही. तिथं हाताची बोली चालते. अंगठा ओठाला लावला की पाणी. बोटं वर करून थरथरवली की आग, ती खूण चेष्टेतही कोणी करत नाही. मिशीला पीळ दिला की मुकादम आला. आणि दोन मुठी एकमेकींवर फुली मारून ओढल्या की गाठ बांधली. रुईची, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाची, दाबून बांधलेली शेवटची गाठ झाली, आता घरी चला.

बाबा ओट्यावर बसला तेव्हा मी बारावीत होते. घरात त्याच्याशी बोलणारी मीच. ओठ सावकाश हलवायचे, मधूनमधून या खुणा करायच्या, मग त्याला कळायचं. मायला दिवसभर वाकून आल्यावर तेवढा दम उरायचा नाही. ती नुसतं ताट पुढं सरकवायची.

मग मला यवतमाळला बी.एस्सी.ला प्रवेश मिळाला, होस्टेल मिळालं, आणि बाबाचं बोलणं बंद झालं. दिवाळीच्या आधीच शेजारच्या काकूंच्या फोनवरून मायचा फोन आला.

"पोरी, तुहा बाप जेवत नाही. भिंतीकडे तोंड करून राह्यते. असंच चाललं तं तू येऊन जाय. शिकणं कायले पाहिजे एवढं?"

"बाबाले फोन दे ना."

"काय दे? तो हॅलो म्हणते अन् तसाच धरून बसते. दगडाले बोलल्यासारखं."

मला शिकणं सोडायचं नव्हतं. हे मी तेव्हाही कोणाला गोड करून सांगितलं नाही. पण बाप भिंतीकडे तोंड करून मरून जाईल आणि मी इथं प्रयोगवही लिहीत बसेन, हेही मला जमणारं नव्हतं. बाबाशी बोलायची सोय करायची, नाहीतर घरी जायचं, एवढे दोनच रस्ते होते.

मी पोरांच्या शिकवण्या धरल्या आणि बसस्टँडजवळच्या एका मोबाईलच्या दुकानात खेटे घालू लागले. काचेच्या पेटीत जुने, वापरलेले फोन मांडलेले असायचे. स्मार्टफोन नवे नवे आले तेव्हाचे, तळहातात मावणारे. मोठ्या स्क्रीनचे तेव्हा निघू लागले होते, म्हणून लोक हे छोटे विकून टाकत होते. मला छोटाच पाहिजे होता. बाबा सदरा घालत नाही, बंडी घालतो, आणि बंडीला छातीवर एकच आतला खिसा असतो. फोन त्या खिशात मावला पाहिजे. बहिऱ्या माणसाला घंटी ऐकू येत नाही, फोन छातीवर थरथरला तरच कळेल.

दुकानदाराला मी बाबाचं सांगितलं. त्यानं मागं जाड जाळीचा स्पीकर असलेला एक फोन काढला.

"ताई, हा न्या. याचा आवाज म्हणजे बँडबाजा. मेलेला उठून बसन."

मलाही पटलं. ऐकू येत नाही तर आवाज मोठा पाहिजे, यात विचार तो काय करायचा? त्याची स्क्रीन मऊ होती, नखानंही चालायची. तिच्यावर रंग फिके दिसायचे आणि उन्हात तर काहीच दिसायचं नाही, पण मी म्हटलं, बाबाला कुठं चित्रं पाहायची आहेत. घेऊन गेले. बाबाच्या कानाशी धरला. शेजारची कुत्री भुंकायला लागली, एवढा आवाज. बाबानं फोन झटकन दूर केला.

"जिनिंग चालू झाली कानात," तो म्हणाला. "आवाज येते बापा, बोल नाही येत."

फोन माझ्या हातात देऊन तो परत ओट्यावर जाऊन बसला. त्या दिवशी परतीच्या एसटीत मी खिडकीला डोकं टेकून बसले होते, आणि मला आठवत होतं ते एवढंच की घरी असताना मी त्याच्याशी मोठ्यानं कधी बोललेच नव्हते. तो मला ऐकत नव्हता, पाहत होता.

मग पुन्हा तीच काचेची पेटी. आता मी तोंड दिसणारा फोन शोधत होते. एका फोनची स्क्रीन चकचकीत काचेची होती, उन्हातही दिसायची, थरथर अशी की टेबलावर ठेवला तर सरकायचा. पण समोरचा कॅमेरा नाही. दुसऱ्याला समोर कॅमेरा होता, तर त्याची स्क्रीन आगपेटीएवढी, आतली जागा इतकी कमी की दोन फोटो काढले की रडायला लागायचा, आणि दहा मिनिटांत तव्यासारखा तापायचा. दोन्ही गुण असलेला बंडीच्या खिशात मावत नव्हता, आणि माझ्या शिकवण्यांतही मावत नव्हता.

"एकात सगळं कसं भेटन ताई?" दुकानदार म्हणाला. "बारक्या घरात एक खोली वाढवली की अंगण जाते."

तिथंच माझ्या डोक्यात आलं. एकात सगळं कशाला पाहिजे? बाबाला मला पाहायचं आहे, म्हणून चांगली स्क्रीन त्याच्याकडे. मला दाखवायचं आहे, म्हणून कॅमेरा माझ्याकडे. माझी स्क्रीन आगपेटीएवढी असली तर असो, मला कान आहेत. बाबा बोलेल ते मी ऐकेन. बँडबाजा परत केला, दोन्ही फोन घेतले.

तरी एक अडचण राहिलीच. काचेला बाबाचं बोट बोट वाटेना. गाठींच्या तारांनी त्याची बोटं अशी चिरली आणि वाळली होती की तो दाबायचा, घासायचा, काच ढिम्म. "मले ओळखतच नाही हा," तो म्हणाला. माय हसली. कितीतरी दिवसांनी हसली. "मीच नाही ओळखत आता तुले, त्याचं काय घेऊन बसला!" मग त्यालाच सुचलं. बोट जिभेवर ओलं करायचं, नोटा मोजतात तसं. काच ओळखू लागली.

गावात नेटची रेंज फक्त पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवर यायची. संध्याकाळी बाबा तिथं जाऊन बसायचा. छातीवर फोन थरथरला की बोट ओलं करायचा. माझं चित्र अडकत अडकत जायचं, त्यामुळे ओठांवरून त्याला काही कळायचं नाही. एक ओठ इथं, दुसरा पुढच्या मिनिटाला. पण खूण करून हात तसाच धरून ठेवला तर कळायचं. म्हणून आम्ही जिनिंगच्या खुणांतच सगळं बसवलं. पाण्याची खूण म्हणजे जेवण झालं. मिशीचा पीळ म्हणजे होस्टेलच्या रेक्टर बाई.

"बाईलेही मिशा आहेत काय वं?" बाबा टाकीवरून ओरडायचा. बहिऱ्याला आपला आवाज किती मोठा ते कळत नाही. रेक्टर बाई माझ्या मागंच उभ्या असायच्या.

बाबा जेवू लागला. मी कॉलेजात राहिले.

पहिल्या वर्षाची परीक्षा संपली त्या संध्याकाळी मी दोन मुठी फुली मारून ओढल्या. गाठ बांधली. बाबाला एवढा आनंद झाला की तो टाकीवरून गावाला ऐकू जाईल असा ओरडला, "बांधली! पोरीनं गाठ बांधली!" खाली बाया पाणी भरत होत्या. जिनिंगमध्ये गाठ म्हणजे कापसाची. बायांच्या लेखी गाठ एकच. दुसऱ्या दिवशी माय पहिल्या एसटीनं होस्टेलच्या दारात.

"कोण आहे तो?"

"कोण?"

"ज्याच्यासंग गाठ बांधली तो! कोण्या जातीचा आहे? काय करते?"

मी तिला समजावलं. तिचा विश्वास बसेना. रेक्टर बाईंनी समजावलं, तर माय त्यांच्या ओठावर मिशा शोधत होती. शेवटी संध्याकाळी मी तिच्यासमोर बाबाला फोन लावला, तेव्हा कुठं ती पायरीवर बसली आणि पदरानं तोंड पुसलं. "मेल्या खुणा," ती म्हणाली. "चांगलं तोंड दिलं देवानं." गावात मात्र ते बोलणं बरेच दिवस राहिलं. मी घरी गेले की बाया विचारायच्या, जावई कुठं ठेवला.

अशी दोन वर्षं निघाली. त्यात एक गोष्ट मी धरलीच नव्हती. बाबाच्या फोनला कॅमेरा मागच्या बाजूनं, त्यामुळे मला दिसायचं ते त्याच्या समोरचं. टाकीच्या पायऱ्या, एखादी बकरी, त्याच्या पायाचे अंगठे. बाबा दिसायचा नाही. तो मला रोज पाहायचा, मी त्याला सुट्टीत पाहायचे. सुट्टीत तो खाटेला धडकायचा, दाराच्या चौकटीला खांदा लागायचा. माय म्हणायची, "बोकडासारखा धडकते." आम्ही ते बहिरेपणात टाकून दिलं. माणूस एकदा बहिरा ठरला की त्याचं सगळं त्यातच जातं.

शेवटच्या वर्षी माझ्या शिकवण्या वाढल्या. मी दोघांसाठी मोठे फोन घेतले, नवे. रुंद स्क्रीन, समोर कॅमेरा, न अडकणारं चित्र. मायनं बाबाच्या बंडीला मोठा खिसा शिवला. पहिल्यांदा फोन लागला आणि पहिल्यांदा माझ्या हातात बाबाचं तोंड आलं.

तो मान हलवत होता. डावीकडे, उजवीकडे, मग वर. फटीतून कोणी आत डोकावून पाहावं तशी.

"कुठं आहे वं तू?" तो म्हणाला.

मी समोरच होते. पूर्ण स्क्रीनभर होते.

"नाक दिसते तुहं. हात नाही दिसत. तो बारकाच फोन बरा होता. याच्यात तू मावत नाही."

मी त्याला यवतमाळला आणलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं आणि काचबिंदू सांगितला. नजर कडेकडेनं जाते, मधली शेवटी राहते, दुखत नाही म्हणून कळत नाही. औषधानं आहे तेवढी धरून ठेवता येईल, कदाचित. गेलेली परत येत नाही. बाबा माझ्या तोंडाकडे पाहत होता. मी हे सगळं खुणांत कसं सांगू? जिनिंगमध्ये त्याला खूण नाही. मी त्याच्या हातात थेंबांची बाटली ठेवली आणि डोळ्याकडे बोट केलं.

"बारीक होऊन राह्यलं ना?" तो म्हणाला. "माहीत आहे मले. कधीचं आहे."

"सांगतलं काहून नाही?"

त्यानं ओठांवरून वाचलं. "सांगतलं असतं तं तू घरी आली असती."

नंतर मला हिशेब लागला. त्या छोट्या स्क्रीनवर मी हातांसकट त्याच्या उरलेल्या नजरेत बसत होते. मोठ्या स्क्रीनवर बाहेर सांडले. चांगला फोन घेतला नसता तर मला कळलंही नसतं, आणि आणखी आधी घेतला असता तर कदाचित थोडी नजर वाचली असती. हे दोन्ही खरं आहे. कोणत्या बाजूनं रडावं ते मला अजून ठरवता येत नाही.

मोठा फोन मायला दिला. बाबाच्या बंडीत जुना परत गेला. त्याची बॅटरी आता फुगली होती, मागचं झाकण लागेना, मायनं त्यावर रबर चढवलं. दुकानदारानं कुठूनतरी दुसरी बॅटरी शोधून दिली, झाकण उघडून बदलता येते म्हणून. नव्या फोनचं तसं नव्हतं.

निकाल लागला तेव्हा मी होस्टेलची खोली सोडत होते. आगपेटीएवढ्या स्क्रीनचा तो तापणारा फोन उशाखालून काढला आणि बाबाला लावला. टाकीच्या पायऱ्या दिसल्या, अंगठे दिसले. मी हात तोंडाच्या अगदी जवळ आणले, हनुवटीखाली, म्हणजे त्याच्या फटीत बसतील. दोन मुठी, फुली, ओढ. आणि तशाच धरून ठेवल्या. चित्र अडकलं. मी हलले नाही.

"बांधली काय?" या वेळी तो हळूच म्हणाला. खाली बाया होत्या.

मी मान हलवली, आणि ते त्याला दिसलं.

मी बी.एस्सी. झाले. आमच्या घरात पहिली.