मडक्यावरचे थेंब

परवा कुंपणाशी गवत काढताना भांबुर्ड्याचा पाला हातात चुरगळला आणि त्या उग्र वासासरशी किहीमजवळच्या एका वाडीतलं अंगण आठवलं. आम्ही चौदाजण एका दिवसाच्या गावसहलीला गेलो होतो आणि दुपारच्या जेवणाला पोपटी होती. घरच्या काकूंनी मडक्यात हाच पाला, वालाच्या शेंगा, ओवा, मीठ आणि चौदा अंडी भरली, तोंडही पाल्यानेच बंद केलं आणि मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा पेटवला. पाण्याचा, तेलाचा थेंब नाही. त्यांच्याकडे आलेली ही पहिलीच सहल होती. जेवण बिघडलं तर दुसरी येणार नाही, हे गाईडने आम्हाला आधीच सांगितलं होतं. अर्ध्या तासाने करपल्याचा वास आला तेव्हा मला राहवेना. "काकू, तीस मिनिटं झाली. काढा आता." "घड्याल तुमचा, मडका माझा," त्या म्हणाल्या. "एकदा काढला का परत लावता येत न्हाय." "मग शिजलं हे कळणार कसं?" "तोच सांगल." त्यांनी बोटांनी मडक्यावर पाणी शिंपडलं. थेंब ओघळले, तशा त्या पुन्हा बसल्या. सात मिनिटांनी परत शिंपडलं, तेव्हा थेंब चुर्र करून जागच्या जागी उडून गेले. मडकं सुपात रिकामं झालं. करपला होता तो फक्त तोंडाचा पाला. शेंगा लोण्यासारख्या मऊ आणि अंडी चौदाच्या चौदा अख्खी. मी ती पुन्हा एकदा मोजली. "आता खा, का अजून मोजताव?" काकू हसून म्हणाल्या. आमच्या घरी आजही भात शिट्ट्या मोजूनच होतो. पण त्या दुपारी मी घड्याळ मनगटावरून काढून खिशात टाकलं होतं, एवढं पक्कं आठवतं.