पाण्याकडे ओढत नेलेली गोणी

सुरुवातीलाच सांगते, भूतखेत, करणी, बाधा हे माझ्या डोक्यात कधीच शिरलेलं नाही. मी रहस्यकथा लिहिते. लोकांना घाबरवणं हा माझा धंदा आहे आणि ते कसं करायचं असतं हे मला आतून माहीत आहे. माझ्या एकाही पुस्तकात भूत नाही. शेवटच्या चॅप्टरमध्ये खुनी हा माणूसच निघतो. तेव्हा खाली प्रतिक्रियांमध्ये ‘ताई, उतारा टाका’ असं लिहायला येणाऱ्यांनी कृपया येऊच नये. आणि ‘झोपेत चालण्याचा आजार’ सांगणाऱ्यांनी आधी पूर्ण वाचावं.

मी राहते बेळगावात. माझा मावसभाऊ नारायण जोयड्यापासून थोडं आत, सुप्याच्या धरणाचं पाणी जिथवर येतं त्या बाजूला एका वाडीत असतो. वाडीचं नाव देत नाही, त्यानेच तशी अट घातली आहे. थोडं भाताचं शेत, मागे सुपारी, स्वतःची जीप, आणि पर्यटकांसाठी घराला लागून बांधलेली एक खोली. त्या खोलीत मी दरवर्षी लिहायला जायची. नारायण मला अक्का म्हणतो, आणि त्याची बायको सुमित्रा मला वन्सं. आमचं कधी वाजलेलं नव्हतं. या वेळेपर्यंत.

माझी लिहायची पद्धत सांगायला हवी, कारण सगळं त्यातूनच झालं... किंवा नसेलही. मी शेवट आधी लिहिते. मग उलटी मागे येते. पहाटे चहा घेऊन बसायचं, उन्हं तापली की उठायचं, जेवायचं, थोडं पडायचं, आणि संध्याकाळी सकाळचं लिहिलेलं निम्मं खोडायचं. यात ग्लॅमर काही नाही. पण एक नियम मी कधी मोडला नाही. खून कागदावर घालायचा तर तो आधी स्वतः करून बघायचा. म्हणजे मारायचं सोडून बाकी सगळं. एकदा दोरा लावून बाथरूमची कडी बाहेरून बंद होते का ते बघताना मी आतच अडकले होते, सुताराला बोलवावं लागलं. वाचक फार दुष्ट असतात हो. ‘हे शक्यच नाही’ म्हणून मेसेज करतात. म्हणून करून बघायचं.

या कादंबरीत शालन नावाची बाई नवऱ्याला मारते, गोणीत घालते आणि घरामागच्या उतारावरून एकटीच ओढत धरणाच्या पाण्यापर्यंत नेते. संपादक म्हणाले, ‘एकट्या बाईला जमेल?’ मी म्हटलं, बघून सांगते.

माघ होता. उळवीची जत्रा चालू, त्यामुळे नारायण दिवसभर जीपच्या फेऱ्या मारत होता. घरात मी आणि वहिनी, म्हणजे सुमित्रा. मी तिला भाताचं एक पोतं मागितलं.

“कशाला?”

“ओढून बघायचंय. माणसाच्या वजनाचं काहीतरी हवं.”

मी सगळं समजावून सांगितलं. तिचा चेहरा आवळत गेला.

“वन्सं, खायच्या भाताला मढं म्हनून वडतासा?”

“अगं, नुसती रिहर्सल आहे.”

“भात मिळायचं न्हाई. आनि ह्यो खेळबी माझ्या दारातनं करू नगासा. घरात मानसं हायत.”

मला राग आला. पुस्तकं काढून वीस-पंचवीस वर्षं झाली, आणि माझ्या कामाला खेळ म्हणतात. मी परसात गेले, रिकामी गोणी घेतली आणि बांधावरची तांबडी माती भरली. तोंड सुतळीने आवळलं. वहिनी मागच्या दारात उभी राहून बघत होती.

भर सकाळची वेळ होती. गोणीचं तोंड दोन्ही हातांनी धरून मी उलट्या पावलांनी ओढायला लागले, म्हणजे माझं तोंड घराकडे आणि पाठ पाण्याकडे. सुपारीच्या वाफ्यापर्यंत जीव निघाला. दर थोड्या अंतरावर थांबून मी फोनवर नोंद बोलत होते - खांदे भरून येतात, तळवे सोलतात, शालनला इथे बसावं लागेल. गोणीमागे मातीत रुंद चर उमटत होता. तोही सांगितला, कारण माझ्या इन्स्पेक्टरला तोच सापडायचा होता.

सुपारी संपून उघडा उतार लागला तशी गोणी हलकी झाली.

मला वाटलं, उतार आहे. पण उतारावरून गोणी सरकते, तेव्हा ती सरकल्याचं हाताला कळतं. ही सरकत नव्हती. पलीकडचं टोक कुणीतरी उचलून धरावं तशी येत होती. मी मान वर करून चराकडे बघितलं. घरापासून आलेला तो चर वरच एका जागी थांबला होता. त्याच्यापुढे, गोणीपर्यंत, माती जशीच्या तशी. नुसती माझी पावलं.

जमीन कडक असेल, असं मी मोठ्याने म्हणाले. फोनमध्ये ते आहे. टाचेने उकरून बघितलं. माती भुसभुशीत होती.

तरीही मी गोणी पाण्याच्या कडेपर्यंत नेली. अर्ध्यात सोडणारी बाई मी नव्हे. तिथे सोडली आणि वर आले. मागच्या दारात वहिनीने कडी घातली होती. बाहेर न्हाणीपाशी पाणी काढून ठेवलेलं.

“आंगोळ करून आत या,” ती आतून म्हणाली. मसणातून आलेल्या माणसाला सांगावं तशी.

मी आंघोळ केली. पण जेवताना ऐकवलंच - तुझ्या अंधश्रद्धा तुझ्यापाशी ठेव. तिने वाढलं आणि उठून गेली.

त्या दुपारी चॅप्टर एका बैठकीत झाला. इतकं सरळ मी कधी लिहिलेलं नाही. आणि दुसऱ्या सकाळपासून लिहिणं बंद पडलं. नुसतं सुचत नव्हतं असं नाही, तसं तर नेहमीच होतं. इथे मी टेबलाशी बसले की मानेमागे कुणीतरी उभं आहे असं वाटायचं, आणि त्याला माझा तिटकारा आहे असंही. दुसरा शब्द मला सापडत नाही. भीती वाटत नव्हती. आपण कुणाच्या तरी घरात नकोसे झालो की पाठीला जे कळतं, ते. मी वळून बघायची. खिडकी, सुपारी, लांब धनेशाच्या पंखांचा तो फसफस आवाज. शालनचं नाव टाइप केलं की काखेत कळ यायची, कुणी बोटं रुतवावीत तशी. ओढण्यामुळे स्नायू दुखत असतील, असं समजून मी तेल लावलं.

वहिनीवर माझा संशय होता, हे मान्य करते. तीच वैतागलीय, तीच खिडकीशी येऊन उभी राहते, असं मला वाटत होतं. आमचं बोलणं चहा-जेवणापुरतं उरलं होतं.

मग तो दिवस. नारायण सकाळीच उळवीला गेला होता. मी जेवले, हातपाय धुतले आणि खोलीत पडले. उशाशी फोन, दाराशी चपला. डोळा लागला.

दुखण्याने जाग आली. टाचा पेटल्यासारख्या झाल्या होत्या. डोळे उघडले तर वर आभाळ. मी उघड्या उतारावर उताणी पडले होते, डोकं पाण्याकडे आणि पाय घराकडे. दोन्ही काखा ठणकत होत्या. आणि वर, सुपारीपाशी, वहिनी हातात कोयता घेऊन उभी होती. तिच्या तोंडातून जो आवाज निघत होता त्याला ओरडणं म्हणता येणार नाही.

मी उठून बसले. “वहिनी!”

“थितंच ऱ्हावा! वर यू नगासा!”

“अगं, मी आहे...”

“पयल्यांदा सांगा, तुमी कोन?”

मी रडले, खोटं कशाला सांगू. नाव सांगितलं, माझ्या आईचं नाव सांगितलं, नारायणच्या आईचं सांगितलं. ती तिथूनच बोलत राहिली.

“मी कापडं वाळत घालत हुती. तुमी गोनी वडत चाललासा. हिरवं लुगडं ह्येच. मला वाटलं पुन्यांदा तुमचं ते सुरू झालं. मी हाक मारली, वन्सं, पुरे करा म्हनून. तवा तुमी मान वर करून माज्याकडं बघितलासा.”

“मी? मी तर झोपले होते.”

“तोंड तुमचंच. पर असं कुनी मला आजवर बघितल्यालं न्हाई. मला चावून खावं असं बघितलं. मग मी ह्यो कोयता घ्यायला आत गेले. भाईर आले तर वडनारी न्हाई. तुमी पडलासा.”

“आणि गोणी?”

“न्हाई.”

आता इथे माझ्यातली लेखिका जागी झाली. ती नसती तर मला वेड लागलं असतं. मी जागची हलण्याआधी आजूबाजूची माती बघितली. आयुष्यभर लोकांना पुरावे पेरून दाखवलेत, वाचता येतातच. खोलीच्या दारापासून माझ्या टाचांपर्यंत दोन बारीक समांतर रेघा आल्या होत्या. टाचा घासत आल्याच्या. त्या दोन रेघांच्या मधोमध अनवाणी पावलं, बोटं घराच्या दिशेला. म्हणजे कुणीतरी मला काखेत धरून, उलट्या पावलांनी चालत, खाली ओढत आणलं होतं.

माझ्या डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली आहे, जन्मापासून. मातीतल्या प्रत्येक डाव्या पावलाची करंगळी तशीच चढलेली होती. मी माझं पाऊल त्यावर ठेवून बघितलं. तंतोतंत.

मग, तुम्ही म्हणाल, झोपेत स्वतःच चालत आलीस. मीही क्षणभर तेच म्हटलं. पण पाऊल ठेवायच्या आधी मी तळवे बघितले होते. टाचांची सालं निघाली होती, रक्त होतं, त्यात खडे होते. मात्र चवडे आणि बोटं, जेवल्यावर धुतली होती तशीच स्वच्छ. तांबड्या मातीतून एवढं चालून कुणाचे चवडे स्वच्छ राहतात, हे मला सांगा. वहिनीने ओढलं म्हणाल तर ती माझ्या निम्म्याने आहे आणि कमरेच्या दुखण्यामुळे तिला घागरसुद्धा उचलवत नाही. शिवाय ती करंगळी कुठून आणणार?

मातीची ती पहिली गोणी खाली पाण्याच्या कडेला, मी सोडली होती तिथेच पडलेली दिसत होती. तोंड बांधलेलं. मग वहिनीने बघितली ती कुठली गोणी, हे ना तिला सांगता येतं, ना मला.

मी तशीच लंगडत वर आले. वहिनी एकेक पाऊल मागे सरत गेली, कोयता खाली न करता, आणि घरात शिरून तिने दार लावलं. मी व्हरांड्यात बसून राहिले. पाणी मागितलं, ते खिडकीतून आलं.

उन्हं कलली तेव्हा नारायण आला. त्याने माझं ऐकलं, आत जाऊन तिचं ऐकलं, मग मागे जाऊन उतार बघून आला. तो जीपच्या बॉनेटला टेकून उभा राहिला.

“नारायण, इथे पूर्वी कधी काही झालं होतं का? कुणी बाई...?”

“न्हाई अक्का. माज्या ऐकण्यात तरी कायबी न्हाई. धरनात गावं गेली, पर ती मानसं उठून दुसरीकडं गेली, मेली न्हाईत. ह्या उतारावर आमची गुरं चरत्यात. पोरं खेळत्यात.”

“मग हे काय आहे?”

“मला काय ठावं? तुमी आल्यावर झालं.” त्याने माझ्याकडे बघायचं टाळलं. “उद्या सकाळी गाडीत बसवून देतो. आता लगेच परत यू नका.”

लहानपणी माझ्या हातून जेवलेला भाऊ असं बोलला. मला तेव्हा त्याचा संताप आला. आज येत नाही.

बेळगावला येऊन मी डॉक्टर केले, झोपेच्या तपासण्या केल्या. काही निघालं नाही. टाचा भरून आल्या. फोनमधल्या नोंदी पुन्हा ऐकल्या, माझ्या आवाजाशिवाय त्यात काही नाही, कुणी काही कुजबुजलेलं नाही. शालनची कादंबरी मी सोडून दिली. संपादक अजून रागावलेत. त्यांना मी ‘प्लॉट जमला नाही’ एवढंच सांगितलंय. आता दुसरं लिहितेय, विषप्रयोग, सगळं बसल्या जागी. करून बघायचा नियम मी मोडला आहे आणि लिहिणं पूर्वीपेक्षा वाईट होतंय, हेही मला कळतं.

माझ्याकडे स्पष्टीकरण नाही. खुनी, पुरावा, साक्षीदार सगळं हातात असून उलगडा नसलेली ही माझी एकच गोष्ट. माझ्या वाचकाने मला असं पुस्तक दिलं असतं तर मी ते भिंतीवर भिरकावलं असतं.

मध्यंतरी मी वहिनीला फोन केला. भांडण मिटवायचं होतं. सुपारी कशी झाली, कंबर कशी आहे, असं बोलता बोलता तिचा आवाज बराच मऊ झाला. हीच वेळ म्हणून मी विचारलं, “वहिनी, दोन दिवस येऊन जाऊ का? लिहायला नाही, नुसती भेटायला.”



ती म्हणाली, “वन्सं, माजा तुमच्यावर राग न्हाई. पर तुमी दारात येऊन हुबा ऱ्हायलासा, तर मी कुनाला घरात घेत्येय ते मला कसं कळायचं?”

मी फोन ठेवला.