दगडाशेजारी उभी मुलगी

शनिवारी माझ्या दहा वर्षांच्या लेकीची शाळा नसते आणि माझा वर्ग असतो. नवऱ्याची वाळूजच्या कारखान्यात सकाळची शिफ्ट. त्यामुळे ती स्कुटीवर मागं बसून माझ्याबरोबर कॉलेजात येते आणि शेवटच्या बाकावर चित्रं काढत बसते. मी फोटोग्राफी शिकवते. तिचं आपल्या बोलण्याकडं लक्ष नसतं, असा माझा समज होता.

त्या दिवशी मी गोऱ्या साहेबांच्या काळातले वेरूळचे फोटो पडद्यावर दाखवत होते. खांबाशेजारी कुणीतरी गावचा माणूस उभा केलेला, खांब किती उंच आहे हे कळावं म्हणून. खाली खांबाचं माप आहे, फोटो काढणाऱ्या साहेबाचं नाव आहे, त्या माणसाचं नाही. हे सांगताना दरवर्षी माझं डोकं तापतं. माणसाची फूटपट्टी केली यांनी, असं मी तावातावानं बोलले. पोरांनी ते वह्यांत उतरवून घेतलं.

वर्ग सुटल्यावर आम्ही इंग्रजांच्या जुन्या छावणीत गेलो. तिथल्या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या स्मारकांवर मी बरीच वर्षं काम करतेय. ज्यांनी इथल्या लोकांवर बंदुका चालवल्या, त्यांचे गोडवे दगडात कोरलेले आहेत. प्रत्येक दगडाशेजारी मी लेकीला उभी करते. इथल्या जित्याजागत्या पोरीपुढं तो सगळा थाट फिका पडावा, हा माझा विचार. मुंबईत प्रदर्शन ठरलं होतं आणि एकच फोटो राहिला होता.

ती उभी राहीना. आधी ऊन लागतंय म्हणाली, मग भूक लागली म्हणाली. मला हवा तो उजेड सरकत चालला होता. मी खेकसले. तेव्हा ती म्हणाली, "मम्मी, तू पण माझी फूटपट्टीच केलीस ना?"

"तसं नाहीये ते."

"मग मला कधी विचारलंस?"

मला लाज वाटायला हवी होती. मला राग आला. उलटून बोलू नकोस म्हणाले आणि दगडाकडं बोट दाखवलं. ती गेली. दगडाला खेटून, हात सरळ सोडून उभी राहिली. चेहऱ्यावर काहीच नाही. खांबाशेजारच्या त्या माणसाचा चेहरा अगदी असाच होता. ते मला तिथंच कळलं, आणि मी बटण दाबलं.

लगेच फोटो पाठवला, तर प्रदर्शनवाल्या बाईंना सगळ्यांत तोच आवडला. दारासमोरच्या भिंतीवर मोठा करून लावू, काय नजर आहे पोरीची, असं त्या फोनवर म्हणाल्या. खोटं कशाला बोलू, माझ्या हातून इतका चांगला फोटो आजवर निघालेला नाही.

संध्याकाळी पडेगावच्या घरी ती गृहपाठ करत होती. मी शेजारी बसले आणि विचारलं, लावू का तो फोटो?

तिनं वर न बघता सांगितलं, "नको लावू."

मी बरं म्हणाले. उठून तिच्या आवडीची कांदाभजी तळायला घेतली, आणि हिला आता कसं पटवायचं, याचाच विचार करत राहिले.