तबकडीची दुसरी बाजू

दिगंबरराव चौदा वर्षं गिटार वाजवत होते आणि चौदा वर्षांत त्यांचा एकही सूर ढळला नव्हता, असं हैदराबादच्या हिमायतनगरातली मंडळी सांगत. दिवसभर महसूल खात्यात कारकुनी, संध्याकाळी सहा ते सात रियाझ. मांडीवर आडवी ठेवून वाजवायची हवाईयन गिटार त्यांनी खास कलकत्त्याहून मागवली होती. निजामी अमलात मराठी वादकाला विचारतं कोण? पण पोलीस ॲक्शन झाली, संस्थान हिंदुस्थानात आलं, आणि पन्नासच्या उन्हाळ्यात मुंबईची एक रेकॉर्ड कंपनी मराठी कलावंत शोधत हैदराबादेत उतरली. दिगंबररावांची निवड झाली. एक तबकडी, दोन बाजू, दोन्ही बाजू त्यांच्या.

जामबागेत सुट्टीमुळे रिकामं पडलेलं एका शाळेचं सभागृह मिळालं. भिंतींना सतरंज्या टांगल्या की झाला स्टुडिओ. मुंबईहून आलेले ध्वनिमुद्रक लक्ष्मणराव म्हणाले, "गिटार फार बारीक ऐकू येतेय. विजेवर चालेल असं काही करता येईल?"

उमाजीला बोलावलं ते दिगंबररावांनीच. उमाजी नांदेडकडच्या शेतकऱ्याचा मुलगा. रझाकारांच्या धामधुमीत गाव सुटलं, तेव्हापासून अंबरपेठेत रेडिओ दुरुस्त करून पोट भरत होता. टेलिफोनमधलं लोहचुंबक तारेच्या वेटोळ्यासकट काढून त्याने गिटारच्या तारांखाली बसवलं आणि वायर आपल्या रेडिओच्या पेटीला जोडली. दिगंबररावांची पहिली बाजू अगदी घड्याळाबरहुकूम पार पडली.

मग पेटी खरखरायला लागली. "बघतो थांबा," म्हणत उमाजीने गिटार मांडीवर ओढली. वाजवायची सळई मागायचंही त्याला सुचलं नाही. खिशातला पाना काढून तो तारांवरून घासत नेला. बाप मोट हाकताना जे गायचा, तेच त्या तारांतून निघालं. सूर सरळ लागतच नव्हता. खालून ओढत ओढत वर यायचा, काठाशी थरथरायचा आणि धबकन कोसळायचा.

"आवाज कमी करा हो, फाटतोय!" लक्ष्मणराव ओरडले.

"फाटू द्या की साहेब. मोटेचा दोर काय गुपचूप वर येतो व्हय?"

लक्ष्मणराव हसले आणि पुढे झुकून ऐकू लागले. थोड्या वेळाने दिगंबररावांकडे वळून म्हणाले, "राग मानू नका. मुद्रणाची मेणाची तबकडी एकच उरलीये, बाकीच्या उन्हाने गेल्या. हे घेऊन टाकतो. तुमची दुसरी बाजू पुढच्या खेपेला."

"छे, छे, राग कसला!" दिगंबरराव म्हणाले. गिटार त्यांची, चौदा वर्षं त्यांची, आणि तबकडी या मिस्त्रीला!

तबकडीवर तीन मिनिटांहून जास्त मावत नाही. वेळ संपत आली की समोर बसणाऱ्याने हात वर करायचा आणि वादकाने आवरतं घ्यायचं. घड्याळाचा माणूस म्हणून ते काम दिगंबररावांकडेच आलं.

उमाजी सुरू झाला. जी गिटार त्यांच्या मांडीवर चौदा वर्षं शहाण्यासारखी बोलली, ती आज भांडत होती, रडत होती. पेटीचा कागदी भोंगा थडथडत होता. एवढं हिच्यात होतं, आणि मला कधी दिलं नाही! दिगंबररावांनी घड्याळ पाहिलं. पावणेदोन मिनिटं. त्यांनी हात वर केला. अर्धवट तुकडा कंपनी बाजारात आणणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

उमाजीचे डोळे मिटलेले होते. लक्ष्मणरावांची नजर सुईवर होती. हात तसाच हवेत राहिला. अखेर जागा संपली आणि लक्ष्मणरावांनी ऐन ओळीत सुई उचलली.

"माफ करा हां, राव," डोळे उघडून उमाजी म्हणाला, "तुम्ही हात केला होता, मलाच दिसला नाही."

कंपनीने ती बाजू तुटकी तशीच काढली. दिवाळीपर्यंत तबकडी हैदराबादेतल्या मराठी घराघरांत पोचली. कुठेही गेलं की दिगंबरराव ती हळूच उजेडात धरून बघत. उमाजीची बाजू सुया फिरून फिरून राखाडी पडलेली. त्यांची बाजू काळी कुळकुळीत, तोंड दिसेल अशी.

माघात जामबागेत एकनाथराव वकिलांकडे नातवाचं बारसं होतं. उमाजीही आला होता. तबकडी लागली, ऐन भरात तुटली. एकनाथराव म्हणाले, "हे असं मधेच का रे तुटतं, उमाजी?"

"चूक माझी, साहेब. दिगंबररावांनी वेळेवर हात केला होता. म्याच आंधळा."

त्याने हे आणखी किती घरी सांगितलं असेल? लोक दिगंबररावांकडे कौतुकाने बघू लागले. ते कौतुक त्यांना गिळवेना.

"वेळ झालीच नव्हती," ते म्हणाले. "पावणेदोन मिनिटांनाच हात वर केला मी. मुद्दाम."

उमाजी खो खो हसत सुटला.

"म्हंजे आवडलं व्हतं तुम्हाला!" तो म्हणाला. "आणि म्या समजत व्हतो, तुम्हाला कायबी वाटलं नाही." मग उठून त्याने स्वतःच्या हाताने तबकडी उलटली. "वकीलसाहेब, आता आमच्या रावांची बाजू ऐका. सगळ्यांनी बसून ऐका."

आणि सगळी मंडळी, उमाजीच्या शब्दाला मान देऊन, मुकाट्याने बसली. दिगंबरराव उठले, आणि दाराशी जाऊन आपल्या चपला शोधू लागले.