नीलकंठरावांच्या डब्याची शिट्टी

आमचे हे, नीलकंठराव, खमरियाच्या फॅक्टरीतून रिटायर झाले, पण हातातलं सोल्डरिंग काही सुटलं नाही. आमच्या रांझीच्या बुद्धविहारात नेमकी संध्याकाळच्या वंदनेलाच लाइट जायची. ह्यांनी तोऱ्यात सांगितलं, "इन्व्हर्टर काहून आणता? मी कन्व्हर्टर बनवतो." बॅटरीच्या चोवीस व्होल्टचे थेट तीनशे करायचे आणि त्यावर विहारातले सगळे एलईडी दिवे लावायचे. मग काय, महिनोन् महिने जेवणाच्या टेबलावर तांब्याच्या तारांची वेटोळी! मी ओट्याशी उभी राहून जेवली, बाई.

कन्व्हर्टरचा डबा विहारात बसला, लाइट गेली, दिवे लखलखले. आणि वंदनेला आलेल्या पोरींनी कान झाकले. "अंकल, सीटी बज रही है!" मलाही ऐकू आली, बारीक, डोक्यात घुसणारी. ह्यांना नाही. "कुठं आहे शिट्टी? मस्करी करून राहिले माझी!" विहार कमिटीचे श्रीकांतभाऊ हात जोडून म्हणाले, "दादा, ध्यानाला बसवत नाही हो. पौर्णिमेपर्यंत आवाज नाही गेला तर बाजारातला आणू."

डबा काढून घरी आणला, पण हे जेवले नाहीत. डॉक्टरला कान दाखवा, असं सांगून सांगून मी आधीच थकली होती. "मला काही झालं नाही," हेच एक. यावेळी मी वाद नाही घातला. डबा चालू केला, समोर बसली. "वाजते तोवर माझा हात वर. तुम्ही फिरवा तुमचा स्क्रू."

ह्यांनी माझ्या वर केलेल्या हाताकडे पाहिलं. "खरंच वाजून राहिलं?"

"खरंच."

ह्यांचा चेहरा असा उतरला की मला रडूच आलं. पण स्क्रू फिरवला. डब्यातला स्विच सेकंदात हजारो वेळा चालू-बंद होतो. स्क्रूनं तो आणखी जलद केला की शिट्टी माणसाच्या कानापलीकडे जाते, पण स्विच तापतो. माझा हात खाली आला की हे स्विचला बोट लावून "हाय हाय!" करत. मग स्विच तापू नये म्हणून तारांची वेटोळी उकलली, नवी घातली. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी हात खालीच राहिला, बोटही भाजलं नाही.

पौर्णिमेला वंदना सुरू झाली आणि लाइट गेली. दिवे लागले. सगळ्यांचे डोळे बुद्धमूर्तीकडे, ह्यांचे माझ्या हाताकडे. मी तो मांडीवरून हलवला नाही. वंदना झाल्यावर श्रीकांतभाऊंनी ह्यांना मिठीच मारली.

परतताना ह्यांनी स्कूटर बाजूला घेतली. "लता, डबा तर चूप झाला. पण वंदनाही मला अर्धीच ऐकू आली. उद्या कानाच्या डॉक्टरकडे येशील का संग?"

"येते ना," मी म्हटलं. हे माझ्या तोंडाकडे पाहतच राहिले. मग मी ह्यांच्या कानाशी जाऊन भर रस्त्यात ओरडली, "येते!"