नाण्याला आठवत नाही

लातुरात आमच्या भिंतीपलीकडं एक मॅडम संख्याशास्त्राचा क्लास घेतात. त्या नाणं उडवतात आणि इकडं मला पोरांचा गलका ऐकू येतो. सलग चारदा छापा पडला की पोरं ओरडतात, "आता काटाच!" मग मॅडमचा आवाज चढतो, "नाण्याला काय ठाऊक हाय मागं काय पडलं ते? शक्यता अजून निम्मीच!" आणि फाडकन एक टाळी. रोज तेच सांगतात, पण जणू शोध आत्ताच लागलाय.

परवा मी त्यांना म्हटलं, "लायसनच्या परीक्षेत गाडीवर आठ काढताना तीनदा पाय टेकला, मॅडम. आता चौथ्यांदा तर पास होणारच की!"

"न्हाई ताई! नाण्याला मागचं आठवत नसतं. तुम्हाला तर आठवतंय ना, पाय कुठं टेकला?"

"हाव. दुसऱ्या वळणावर."

त्या तशाच खडू घेऊन गल्लीत उतरल्या आणि रस्त्यावर मोठ्ठा आठ काढला. पोरं धावत बाहेर आली. मी गाडी काढली. दुसऱ्या वळणावर पाय खाली जाऊ बघत होता, मी जाऊ दिला नाही.

फाडकन टाळी वाजली. "बदलली! ताई, शक्यता बदलली!"