आजारी माणसाला जहाजात बसवत नाहीत

कोस्तांझो म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, सेराफिनाचा नवरा. काप्री बेटाच्या धक्क्यावर बोटींचे दोर झेलायचा. नेपल्सहून बोट आली की वरून दोर येणार, ह्याने तो खुंट्याला अडकवायचा, की उतरली हिंडायला आलेल्या पाहुण्यांची झुंबड. हात असे सुजट झालेले की लग्नात अंगठी चढेना. सेराफिना भर देवळात म्हणाली, "राहू दे, खुंट्यालाच घालते!"

आमच्या बेटावर यायच्या दोन वाटा. एक वेगबोट, पंख फुटल्यासारखी पाण्यावर उचलून पळते. दुसरं मोठं जहाज, गाभण म्हशीसारखं डुलत येतं, पोटात भाजी, सिमेंट, गाड्या. आणि मेलेली माणसंही. दुखणं मोठं झालं की आम्हाला नेपल्स गाठावं लागतं, आणि तिथं माणूस गेला तर त्याची पेटी जहाजानंच येते. अशी पेटी आली की धक्क्यावरचे दोरवाले टोप्या काढतात. एरवी शिवीशिवाय तोंड न उघडणारी माणसं, पण तेवढा वेळ गप्प. म्हणून आजारी माणसाला घरी आणताना आमच्यात जहाजात बसवत नाहीत. अपशकुन.

दुखणं वाढून सेराफिना नेपल्सच्या इस्पितळात होती. डॉक्टरांनी सांगितलं, आता घरी न्या. तिचं मागणं एकच, "माझ्या खाटेवर मरू द्या." तिला आणायला मी आणि कोस्तांझो गेलो होतो. नैऋत्येचा वारा सुटला होता. दोन्ही बोटी निघायच्या बेतात.

"जहाजानं जाऊ," ती म्हणाली. "आडवं व्हायला बाकडं तरी मिळेल."

"गप गं," कोस्तांझो म्हणाला.

"अरे, ह्या वाऱ्यात वेगबोट पोचते का? पाहुण्यांना रोज तूच सांगतोस ना?"

"सांगतो. पण तुला त्या पेट्यांच्या शेजारी नेणार नाही. ताई, तू तरी सांग हिला."

"तिकिटं काढून बसलायस," मी म्हटलं, "आता मला कशाला विचारतोस?"

वेगबोटीत बसलो. भूशिराच्या आडोशाला सगळं ठीक होतं. आडोसा सुटला आणि लाटेनं बोट अशी आपटली की पाहुणे ओकायला लागले. खिडकीतून पाहिलं, तर आम्ही सोडलेलं जहाज पलीकडून डुलत, आपल्या चालीनं, बेटाकडे चाललेलं. कप्तानानं बोट वळवली. परत नेपल्सला.

सेराफिनाचे डोळे मिटलेले. "बेट दिसतं का रे?"

खिडकीत बेट कुठलं, नुसता फेस. कोस्तांझो म्हणाला, "दिसतं. आपलं लिंबाचं झाडसुद्धा दिसतं."

"खोटारडा," ती म्हणाली. तेच शेवटचं. बंदर येईपर्यंत तो तिचा हात धरून बसला. शेजारच्या पाहुणीनं तिला पांघरायला आपला कोट दिला, झोपलीय समजून.

मग ती आली जहाजानं, पेटीतून. धक्क्यावर टोप्या उतरल्या. कोस्तांझो पेटीमागून उतरला आणि दोरवाल्यांना म्हणाला, "ह्याच जहाजानं तिला जिवंत आणलं असतं."

त्यानंतर दर्या जरा खवळला की तो नेपल्सला गेलेल्या आजाऱ्यांच्या घरी निरोप पाठवायचा, जहाजानं आणा. लोक ऐकून घ्यायचे आणि वेगबोटीची वाट बघत बसायचे. "बायको गेल्यापासून डोकं फिरलंय बिचाऱ्याचं," असं म्हणायचे.

गेल्या हिवाळ्यात त्याचंच काळीज थकलं. नेपल्सच्या इस्पितळात लेकीला म्हणाला, "जहाज. आत्ता. जिवंत असताना." लेक रडली, पण तिनं ऐकलं. मी धक्क्यावर उभी होते. स्ट्रेचरवर पांघरुणात गुंडाळलेला कोस्तांझो जहाजातून खाली येताना दिसला आणि एकेक टोपी उतरली.

पांघरुणातून तो सुजट हात वर आला. "घाला रे टोप्या, गाढवांनो! आणि तो मागचा दोर ढिला आहे!"

कोणी हसलं नाही. एकजण मात्र धावत जाऊन दोर ताणून आला.

चार दिवसांनी तो गेला, आपल्या खाटेवर. खाटेची सेराफिनाची बाजू त्यानं शेवटपर्यंत मोकळी ठेवली होती.